अख्खा फोटो

या एका दिवसात मनासारखे तीन फोटो मिळाले, तर प्रदर्शनाची दारासमोरची भिंत फोटोग्राफरची होती. नाहीतर जिन्याखालची. म्हणून त्याने धाकट्या मेहुण्याला गळ घातली. गाडी त्याची, आणि फोटोत उभा करायला माणूसही फुकटात.

भरदुपारी ते गावाबाहेरच्या बंद कत्तलखान्यात पोचले. मधोमध मांस तोडायचा ओंडका होता, जुन्या घावांनी भरलेला.

"हात ठेव त्याच्यावर."

"भावजी, तुमच्या लग्नाच्या फोटोंत माझं अर्धंच डोकं आलंय. आज तरी अख्खा घ्या."

पहिला फोटो निघाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मेहुण्याचा अंगठा तुटलेला होता आणि रक्त ओघळत होतं. फोटोग्राफरने दचकून मान वर केली. अंगठा जागेवर होता.

दुसऱ्या फोटोत हात कोपरापासून तुटून ओंडक्यावर पडला होता. समोर मेहुणा धडधाकट, जांभया देत होता. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला; पण भिंत दारासमोरची होती.

"हलू नकोस. अजून एकच."

तिसऱ्यात गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरलेला होता. फोटो असा काही उतरला होता, की त्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

तेवढ्यात ओंडक्यावर खाडकन घाव बसला.

"भावजी!" मेहुणा किंचाळला. त्याचा अंगठा धुळीत पडला होता. सुरा कुठेच नव्हता.

तिन्ही फोटो फोटोग्राफरला मिळाले होते. मोल मेहुणा चुकवत होता, आणि आत्ता कुठे पहिल्याचं चुकतं झालं होतं.