घट्ट बांध

"घट्ट बांध. ऐन डावात पट्टी सुटली तर तुझी गाठ माझ्याशी आहे," आडोशापलीकडून खंडेराव सर ओरडले आणि नाणेफेकीला निघून गेले.

आडोसा म्हणजे दोन बांबूंना ताणून बांधलेली सतरंजी. आत बाकावर नवसा डावा पाय लांब करून बसली होती आणि तिच्यासमोर जमिनीवर विमल. मुलीचा गुडघा बांधायचा होता, म्हणून सर आत येत नव्हते. एवढी लाज त्यांना होती. सुजलेल्या गुडघ्यावर त्याच मुलीला पळवायची मात्र लाज नव्हती.

विमल आणि नवसा नाशिकच्या एकाच व्यायाम महाविद्यालयात शिकत. विमल सिन्नरची. खेळाडूंच्या दुखापती, मालीश, पट्ट्या यांत तिचा हात चांगला बसला होता. नवसा विंचूरची. खो-खोत तिच्यासारखी पळणारी जिल्ह्यात दुसरी नव्हती. कालच्या सामन्यात खो मिळून उठताना तिचा गुडघा पिरगळला. दर गुरुवारी शिकवायला येणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी पाहिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "तीन आठवडे पाय हलवायचा नाही. पुन्हा पिरगळला तर ही जन्मभर लंगडेल."

"डॉक्टर लोक असंच म्हणतात," असं सर नंतर म्हणाले. त्यांना गुडघा म्हणजे सायकलची चेन वाटायची. निसटली की चढवायची आणि पुढे निघायचं.

सकाळी विमल त्यांच्याशी भांडायला गेली होती. सरांनी तिला बसूसुद्धा दिलं नाही. "तू विद्यार्थिनी आहेस, डॉक्टर नाहीस. यंदा ऐंशी साल उजाडलं, अजून एकदाही कप आपल्याकडे आलेला नाही. पट्टी बांधायला शिकलीस ना? मग पट्टी बांध."

तेव्हापासून तिच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. सरांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग समोर मुकाट बसलेल्या नवसाचा येत होता.

"तू तरी नाही म्हण ना! पाय तुझा आहे."

"कसं म्हणू?" नवसा म्हणाली. "खेळते म्हणून सरांनी हॉस्टेलात फुकट ठेवलंय. नाय म्हटलं की उद्या पेटी उचलून विंचूरला. तिथं बाप स्थळं बघूनच बसलाय. बांध तू. मी खेळते."

एवढं बोलून तिने तोंड फिरवलं आणि सतरंजीच्या भोकातून मैदान बघत बसली.

विमलने पिशवी उघडली. वर ताणाची पट्टी होती. खाली प्लॅस्टरच्या गुंडाळ्या होत्या, डॉक्टरांनी वर्गात सरावाला दिलेल्या. ती क्षणभर दोन्हींकडे बघत राहिली. मग तिने ताणाची पट्टी परत आत कोंबली.

मांडीपासून घोट्यापर्यंत तिने जाड कापूस गुंडाळला. पहिली गुंडाळी शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवली, पिळली आणि पायावर फिरवायला लागली. हात चुन्यासारखे पांढरे झाले. आता ही ओरडेल, मग ओरडेल, असं तिला दर वेढ्याला वाटत होतं. पण नवसाने मान वळवली नाही. एरवी ही बया झोपेतही बडबडायची. आज आपल्या पायाचं काय चाललंय याचीसुद्धा तिला शुद्ध नव्हती. असा कसा माणसाचा दगड होतो, म्हणून विमल आणखीच चिडली आणि दात-ओठ खात वेढे देत राहिली.

बाहेर प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले होते. खेळामुळे शरीर कसं निरोगी राहतं, हे ते सविस्तर सांगत होते. त्यांनी भाषण लांबवलं हे त्यांचे उपकारच. पायावरचं प्लॅस्टर आधी गरम झालं आणि मग कडक.

टाळ्या वाजल्या. सर परत आले. "झालं का?"

"झालं."

"मग ऊठ गं नवसा. चल लवकर."

नवसा उठली नाही. सरांनी पुन्हा हाक मारली, वाट पाहिली आणि शेवटी सतरंजी वर केली. तो पांढरा सरळसोट पाय पाहून ते जागीच थांबले. मग वाकून त्यांनी त्यावर बोट वाजवलं.

"हे काय केलंस?"

"घट्ट बांधलं, सर."

सरांच्या तोंडून शब्द फुटायच्या आतच नवसा किंचाळली. तिने विमलची वेणी धरली आणि गदागदा हलवली.

"सटवे! कुणी सांगितलं होतं गं तुला हे? माझी फायनल खाल्ली हिनं! सर, लय जळती ही माझ्यावर, पयल्यापासून जळती!"

संघातल्या मुली धावत आल्या. विमलने प्रतिकार केला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते वेणी ओढल्याचं नव्हतं. कुणासाठी केलं आपण हे? असल्या मुलीसाठी? उद्या आपल्याला महाविद्यालयातून काढतील आणि ही बाई साक्षीला उभी राहील.

सरांनी कात्री घेऊन कड कापायचा प्रयत्न केला. कात्रीच वाकली. "करवत असेल माळ्याच्या खोलीत," ते दात खाऊन म्हणाले. "मी आणतो. कुसा, हिच्या जागी तू तयार राहा. बाकीच्या मैदानात चला!" आणि ते तरातरा निघाले. मुलीही गेल्या.

"हात झडो तुझे! वाटोळं केलंस माझं!" नवसाचा आवाज मैदानभर जात होता. पण तिने वेणी सोडली होती. उजव्या पायाने तिने बादली हळूच विमलकडे ढकलली आणि खाली वाकली.

"गुडघ्यावर लय पातळ लावलंस," ती कुजबुजली. "एक गुंडाळी उरलीय ना? भिजव पटकन. मी शिव्या देते, तू गुंडाळ."