खिडकीजवळचं टेबल

दर मदर्स डेला माझ्या शेजारणीचा, कोरलचा, मुलगा ग्रँट तिला द्राक्षमळ्यातल्या महागड्या हॉटेलात जेवायला बोलावतो. तो तिथला मुख्य शेफ, त्यामुळे खिडकीजवळचं टेबल आईसाठी राखलेलं. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून ती मला ऐकवणार, "नोरीन, बदक काय मऊ होतं गं! तुला काय, परत लेकीने बिछान्यात आणून दिलेला टोस्टच का?" माझा नुसता जळफळाट.

यंदा मी माझ्या लेकीच्या, लीॲनच्या, मागेच लागले. "तुझा टोस्ट पुरे झाला. मला तिथेच ने."

मोत्यांची माळ घालून गेले, तर आम्हाला मिळालं दाराजवळचं टेबल. खिडकीपाशी कोरल बसलेली, पुढ्यात तेच बदक, वर अंजिरं. मी लीॲनला कोपर मारलं. "बघ, याला म्हणतात मुलगा!"

गावातल्या साऱ्या आया आज तिथेच आलेल्या. आतून भांड्यांचा खणखणाट आणि ग्रँटचा ओरडा, "अजून सहा बदकं, लवकर!"

कोरल उठली आणि आपलं ताट घेऊन थेट आमच्या टेबलाशी आली.


"बसू का गं तुमच्यात? माझा लेक मला दरवर्षी फक्त ताटातच भेटतो."