गुंडाचा पुतण्या

“मनगट सैल सोडा, धाकलं मालक. हलगी हाय, खोरं न्हवं,” गुंडा म्हणाला.

साईराजनं दात खाल्ले आणि टिपरू परत धरलं.

उसाच्या फडाआड, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत हे शिकणं चाललं होतं. मानसिंगच्या पोराच्या गळ्यात हलगी दिसली असती तर भावकीनं तोंडात शेण घातलं असतं. उंब्रजजवळच्या या गावात हलगी एकाच घरात वाजायची, गुंडाच्या. लग्नाला, जत्रेला, मयताला. बाकीच्यांनी ऐकायची आणि वाजवणाऱ्याला लांब बसवायचं. त्या घरातही आता गुंडा एकटाच उरला होता. बायको गेलेली, लेक पलूसला दिलेली.

युरोपातल्या एका संग्रहालयानं लोककलांचा महोत्सव ठरवला होता. त्यांना पिढीजात वाजवणारे दोघे हवे होते, एकाच घरातले. साताऱ्यात सांस्कृतिक संस्था चालवणाऱ्या राजवर्धननं मानसिंगला गाठलं. साईराजचं भरतीचं वय निघून गेलेलं, पोरगी कोणी देईना. आतेभाऊ तिकडं हॉटेलात कामाला होता. साईराजनं गुंडाचा पुतण्या म्हणून जायचं, कार्यक्रम उरकला की गर्दीत मिसळायचं. परत यायचं नाही.

मानसिंग स्वतः गुंडाच्या दारात गेला.

“पोरगं तेवढं पोचीव, गुंडा.”

“पोचिवतो. एकच हाय, मालक. आदी वाजवायचं, मग जायाचं. मला एकट्याला उभं करून पळायचं न्हाई.”

“कशापायी एवढं?”

“खुर्चीवर बसून हलगी ऐकणारी माणसं बघायची हायती एकदा.”

मानसिंगला हसू आलं. “वाजवंल की. शब्द हाय.”

व्हिसाच्या मुलाखतीत साईराजनं गुंडाला काका म्हटलं. जीभ अडखळली नाही. गुंडानं त्याच्याकडं बघितलं नाही.

संग्रहालय थंडगार होतं. कातडं शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही, आणि तिथं काडी ओढायला बंदी. गुंडानं संडासात भिंतीवरचं हात वाळवायचं यंत्र शोधून काढलं. त्याखाली हलगी धरली. गरम वारा सुटला.

“बिनाधुराचा जाळ. आपल्या मयताला असलं पायजे हुतं,” तो म्हणाला. मग त्यानं दोन्ही हलग्या साईराजच्या हातात दिल्या. “शेकत ऱ्हावा, धाकलं मालक. जरा भाईर बघून येतो, किती माणूस आलंय.”

साईराज शेकत राहिला. एक हलगी झाली, दुसरी झाली. यंत्र बंद पडायचं, तो परत हात लावायचा. शेवटी संग्रहालयाची बाई त्याला न्यायला आली. गुंडा कुठंच नव्हता.

साईराजनं एकट्यानं वाजवलं. मनगट आवळलेलं, ठेका दोनदा चुकला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मोबाईल वर धरलेले. आतेभाऊ बाहेर गाडी घेऊन थांबला होता. पण एक माणूस गेल्याचं कळल्यावर दुसऱ्याला कोण सोडतंय? रखवालदारांनी साईराजला विमानात बसवलं तेव्हाच त्याच्या दंडावरची पकड सोडली.

गुंडा सापडला नाही. सापडला असेल तर गावाला कळलं नाही.

साईराज घरी आला. आई बनुबाईनं ताट वाढलं, त्यानं जेवण केलं. त्याच्याआधी त्याचा व्हिडिओ गावात पोचला होता. पारावर सगळ्यांनी बघितला होता. जाब विचारायला कोणी दारात आलं नाही. मानसिंगला वाटलं, निभावलं. साईराज उसाला पाणी पाजायला जायचा, यायचा, झोपायचा.

महिन्याभरात वरच्या आळीचे आप्पासो वारले. मानसिंगचे चुलतेच लागायचे. सकाळी भावकीतली तिघं दारात आली. मानसिंगनं टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, चपला सरकवल्या.

“कवा उचलायचं?”

“धा वाजता. तुमी या सावकाश,” त्यातला थोरला म्हणाला. “साईराजला फुडं धाडा, हलगी घिऊन.”

मानसिंग उंबऱ्यातच थांबला. “उंब्रजवरनं माणूस बोलवा की.”

“कशापायी? गावचा असताना?”