वारलेल्यांची यादी

रविवारी सकाळी हौशी रेडिओ क्लबची रेडिओवरची हजेरी सुरू झाली, तसा धाकट्याने माइक ओढला आणि आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचा ओळखसंकेत, तीनदा सांगितला. कोणी ओ दिली नाही. घसा खाकरून त्याने पुन्हा सांगितला, तेव्हा क्लबचा सेक्रेटरी, म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, शांतपणे बोलला, "मंडळी, कोणीतरी आपल्या वारलेल्या सभासदाचा कॉलसाइन वापरतंय. उत्तर देऊ नका."

धाकट्याचं डोकं सणकलं. त्याने क्लबची वेबसाइट उघडली. वारलेल्या सभासदांच्या यादीत सगळ्यात खाली त्याचंच नाव होतं, शेजारी फोटो आणि मृत्यूची तारीख.

"दादा, हा काय फाजीलपणा? आत्ताच्या आत्ता नाव काढ."

"आपण जे कोणी असाल," दादा म्हणाला, "हयातीचा दाखला पाठवा. कमिटीपुढे ठेवू."

शिवी हासडायला धाकट्याने माइकचं बटण दाबलं, तेवढ्यात त्याची नजर पुन्हा त्या तारखेवर गेली आणि बोट आपोआप सुटलं. त्या दिवशी तो सेक्रेटरीची निवडणूक हरला होता, आणि भर सभेत दादाला त्यानेच सुनावलं होतं, "आजपासून मी तुला मेलो."