इंजिनवाला

"आनि ह्ये शेवटचं," सयाजी वस्ताद माइकमध्ये म्हणाले, आणि त्यांनी कमोडोर जोतीराम चौगल्याच्या छातीवर बोट टेकवलं. "एकाहत्तरच्या लढाईतल्या शौर्याबद्दल. नौसेना पदक."

कसबा बावड्यात सत्काराला भरलेलं तालमीपुढचं मैदान टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेत बसलेल्या बायडाबाईंना पदकांतलं काही कळत नव्हतं. पोरगा नौदलात मोठा साहेब झाला, जहाजांची इंजिनं सांभाळता सांभाळता त्याचे केस पिकले, एवढं त्यांना ठाऊक. "लढाया वरची माणसं करत्यात, आये. मी खाली मशीनपाशी. मला कशाचं भ्या?" सुट्टीवर आला की तो हेच सांगायचा, आणि त्या निर्धास्त झोपायच्या.

टाळ्या ओसरल्या तसे कृष्णात हवालदार उठले. पासष्टच्या लढाईतून एक पाय अधू करून आलेला माणूस. गावात त्यांच्यापुढं कुणी चढ्या आवाजात बोलत नसे.

"एक इचारतो, सायेब," काठीवर भार देत ते म्हणाले. "लढाईत दुश्मनाची किती जहाजं बुडवलासा?"

"एकबी न्हाई, मामा."

"गोळं तर डागलं असतील?"

"तेबी न्हाई. दुश्मन मी डोळ्यानं बघितलाच न्हाई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "इंजिनवाला की त्यो," दुसरा म्हणाला.

बायडाबाईंनी पदर तोंडाशी धरला. कशाला खरं बोलायचं होतं याला? एखादं बुडवलं म्हणाला असता, तर समुद्रात बघायला कोण जाणार होतं?

"मग पदक कशाचं?" हवालदारांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

"आमचं जहाज वाफंवर चालायचं, मामा. दुश्मनाच्या पाण्यात गेलो आन् वाफंची नळी फुटली. जहाज जाग्यावर हुबं ऱ्हायलं. हुबं जहाज म्हंजे दाव्याला बांधल्यालं जनावर. कुणीबी यावं आन् मारावं. वाफ बंद करायचं चाक त्या फुटक्या नळीच्या पल्याड. मग ओल्या घोंगड्या गुंडाळल्या आन् आत शिरलो."

"एकलाच?"

"न्हाई, दोन पोरं व्हती संगं. वाघाच्या काळजाची. तिघांनी मिळून चाक फिरवलं. मग नळी दुरुस्त केली आन् जहाज पुन्यांदा चाललं. एवढंच."

बायडाबाईंची नजर लेकाच्या उजव्या हाताकडं गेली. हाताच्या पाठीवरची कातडी गुळगुळीत होती, भाजून नवी आल्यासारखी. चहाचं आधण सांडलं म्हणून त्यानं त्या वर्षी सांगितलं होतं, आणि त्यांनी त्यावर खोबरेल लावलं होतं. वर, धांदरट कुठला म्हणून बोलूनही घेतलं होतं.

त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मैदानभर गेला.

"जोती, त्या जहाजावर मानसं किती व्हती रं?"

"दोनशेच्या वर, आये."

"सगळी घरला आली?"

"सगळी."

कुणी हसलं नाही. मांडीवरची पोरं घेऊन बसलेल्या बायका जोतीरामाकडं बघत राहिल्या.

"आमच्या कंपनीतली सगळी न्हाय आली," कृष्णात हवालदार म्हणाले.

मग त्यांनी काठी शेजारच्याच्या हातात दिली, अधू पायावर ताठ उभे राहिले आणि कडक सलाम ठोकला. कमोडोरनं टाचा जुळवून तो तितक्याच कडकपणे परतवला.

हवालदार गर्रकन मागं वळले. "बघत काय बसलाय? पैलवान कुस्ती मारून आला तर असंच बसता व्हय रं? वाजवा की हलगी."

हलगी कडाडली. मघाशी हसलेलेच सगळ्यांच्या आधी धावले. त्यांनी जोतीरामाला खांद्यावर उचललं, तसा तो "आरं, आरं" करत राहिला. वस्तादांनी गुलालाची मूठ भरली, हात वर केला आणि तो तिथंच अडला. पांढराशुभ्र गणवेश, सोनेरी बटणं, कुठं डाग म्हणून नाही.

"सरकारी कापडं हाईत, आक्का," ते बायडाबाईंना म्हणाले. "टाकू का नगं?"

बायडाबाईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला.

"टाका की. धुवायला त्याची आई हाय."