पासिंगपुरतं

झाकण पातेल्यावरून घसरलं आणि खणकन ओट्यावर वाजलं, तेव्हा कुठे राजेश बोलला.

"नापास केली गाडी."

अनुपमाने झाकण उचलून परत ठेवलं. तो दारात चपला काढत होता तेव्हाच तिला कळलं होतं.

महाडला आरटीओचा कॅम्प लागला होता. साहेबाने राजेशच्या शाळेच्या व्हॅनभोवती एक चक्कर मारली. वायपरची रबरं गेलेली. मागची लाल चकाकती पट्टी सोललेली. सरकत्या दाराचं लॉक धरत नाही म्हणून राजेशने आतून नायलॉनची दोरी बांधली होती, ती साहेबाने दोन बोटांत धरून चारचौघांना दाखवली. लोक हसले. ब्रेक चांगला, टायर नवे, ते कुणी बघितलं नाय, राजेश पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. उद्या कॅम्पचा शेवटचा दिवस. उद्याही गाडी पास झाली नाही तर शाळा तिला फाटकातून आत घेणार नव्हती, आणि राजेशची सगळी पोरं सुनीलच्या गाडीत जाणार होती.

सुनील म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दोघांनी पोरं न्यायला व्हॅन एकदमच घेतल्या, एकाच रंगाच्या. मग अंगणाच्या वाटणीवरून तंटा झाला, मध्ये दगडी गडगा उभा राहिला आणि बोलणं संपलं. काकाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही, असं अनुपमाने अनुष्काला बजावून ठेवलं होतं. दुसरीतली पोर. बापाच्या गाडीत तिची जागा दाराशी ठरलेली. लोकांची पोरं आत बसवायची, आपलं कडेला.

पण इकडच्या गाडीवाल्यांत एक रीत आहे. पासिंगसाठी कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. ज्याचं चांगलं असेल त्याचं काढायचं, आपल्या गाडीला लावायचं, साहेबाला दाखवायचं आणि दिवे लागायच्या आत परत करायचं. वैरी असला तरी देतो. उद्या त्यालाही गाडी दाखवायची असतेच.

राजेश जाईना. मग अनुपमाच गडग्याला वळसा घालून गेली.

तिची जाऊ ललिता पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. गडग्याला आमच्या बांधाचे दगड नेलेत, आता गाडी पण न्या सोडवून, एवढं ती सुपाला म्हणाली. सुनीलने पाना आणला. वायपर काढले. दाराचं लॉक खोललं. सगळं पिशवीत भरलं आणि पिशवी अनुपमाच्या हातात न देता पायाशी ठेवली.

"उद्या दिवेलागणीच्या आत पायजे," तो म्हणाला. "आणि सांग त्याला, गाडी ठेवता येत नाय तर इकून टाक. म्हशी पाळ."

"पाळू की. तुमच्याकडे रतीब तेवढा घालणार नाही," अनुपमा म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

सकाळी पाऊस धरूनच होता. रात्रीच सगळं लावून, मागे नवी लाल पट्टी चिकटवून राजेश उजाडताच महाडला गेला. अनुपमाने अनुष्काची वेणी घालता घालता ठरवून टाकलं, आज शाळा बुडली तरी चालेल. सुनील आज ऐटीत दोन्ही गाड्यांची पोरं भरून नेणार, त्यात आपली नको.

पण सुनीलची व्हॅन अंगणातून हललीच नाही. पोरं नाक्यावर छत्र्या धरून उभी राहिली, मग एकेक करून घरी परतली. एका पोराची आई जाता जाता अनुपमाच्या दारात थांबली. तुमच्या दोघा भावांच्या भांडणात आमच्या पोरांची शाळा गेली, म्हणाली.

अनुपमाच्या डोक्यात तिडीक गेली. आता कळला डाव. मुद्दाम उभी ठेवली गाडी, गावाने आपल्याला नावं ठेवावीत म्हणून. देताना साधूचं तोंड आणि पोटात हे. ती मोरीत बसून भांडी घासत होती, हे सगळं तिने गडग्यापलीकडे जाईल एवढ्या आवाजात भांड्यांना ऐकवलं. पलीकडून ललिताचं धुणं जरा जास्तच जोराने आपटलं.

दुपार कलल्यावर वळणावरच हॉर्न वाजला. गाडी पास झाली होती. साहेबाने दार दोनदा ओढून बघितलं, हललं नाय बघ जराही, राजेश सांगत होता आणि कालपासून पहिल्यांदा हसत होता. मग त्याने पाना घेतला आणि लावलेलं सगळं एकेक करून उतरवलं. पिशवी पोचवायला तोही जाईना, अनुपमाही जाईना. शेवटी अनुष्काला पाठवलं. देऊन ये, थांबू नको, अनुपमाने सांगितलं.

अनुष्का थांबली. बराच वेळ. परत आली ती भिजून. अनुपमाने तिला जवळ ओढलं आणि पदराने डोकं पुसायला घेतलं. बारीक केस, कपाळाला चिकटलेले. आंघोळीनंतर पुसताना हसायची तशी ती आज हसली नाही. अंगणात राजेश व्हॅनच्या दाराला दोरी बांधत होता. एक टोक दातात धरून त्याने गाठ आवळली.

अनुष्का पदराच्या आतून तिकडेच बघत होती.

"काका म्हणाले, लॉक नव्हतं ना, म्हणून आज गाडी नाही काढली. दार उघडलं तर पोरं पडतात, म्हणाले."

अनुपमाचा हात तिच्या केसांवर थांबला.

"आई, मी उद्या कुठल्या गाडीत बसू?"