बाटलीचा गुण

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना हिसके देऊ लागली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गॅरेजला दाखवू या."

"त्यांना काय, आयतं गिऱ्हाईकच हवं असतं," म्हणत नवऱ्याने दुकानातून गिअरचे हिसके थांबवणाऱ्या औषधाची एक बाटली आणली आणि गिअरच्या ऑइलमध्ये रिकामी केली. ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर परगावी निघताना बजावूनही गेला, "औषध मुरायला वेळ दे. लगेच कुरकुर नको."

परत आला तर गाडी अशी अलगद पळत होती, की त्याची कॉलर ताठ झाली. मग जो भेटेल त्याला बाटलीचं कौतुक. रविवारी तर सासऱ्यांच्या धडधाकट गाडीतही एक बाटली ओतून आला. "बाबा, माझ्या गाडीला गुण आलाय. तुमची आता जन्मात तक्रार करणार नाही." जावयाला नाही कोण म्हणणार?

सोमवारी तो आंघोळीला गेल्यावर बायकोने हळूच गॅरेजला फोन लावला.



"दादा, मागच्यासारखंच, यांना कळू न देता गाडी दुरुस्त करायचीये. या खेपेला बाबांची. कालपर्यंत चांगली होती हो ती."